पायवाटेआधीची रात्र : भ्यूंडार खोऱ्याच्या तोंडाशी गाडी आणि तंबू

ग्वाल्हेरहून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघालेल्या एका कुटुंबाला जोशीमठला पोचल्यावर ठरवायचे होते की चालायला सुरुवात करण्याआधीची रात्र कुठे काढायची, आणि आपण वर असताना गाडी कुठे ठेवायची. आखणीच्या कागदावर याला एकच ओळ होती : 'गोविंदघाट, पार्किंग आणि तंबू'. मी त्या गाडीत होतो. अख्ख्या सफरीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, असे माझे ठाम मत आहे. ओळखीतली आणखी काही घरे त्याच वाटेने जायचे म्हणत आहेत, म्हणून तो कसा झाला ते सविस्तर मांडतो.

गाडी दादांची, म्हणजे माझ्या चुलतभावाची. सोबत वहिनी, त्यांची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी, आमचे अप्पा (वय सहासष्ट, रक्तदाबाची गोळी रोज) आणि मी. महिना ऑगस्ट, कारण फुलांचा भर साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. जोशीमठच्या घरांना तडे गेले, त्यानंतरचा हा एक पावसाळा. घरी गणपती बसतात, त्यामुळे परतायची तारीख पक्की होती आणि मध्ये मोकळा दिवस फारसा नव्हता. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण चुकीच्या जागी गाडी लावण्याचे मूळ पुष्कळदा घाईत असते.

दादांची आखणी

दादांचा बेत सरळ होता. आग्रा, हरिद्वार, मग पिंपळकोटी आणि तिथून पुढच्या संध्याकाळी गोविंदघाट. अलकनंदेच्या काठाला सपाट जागा बघून गाडी लावायची, तिच्या शेजारीच नवे घेतलेले दोन तंबू टाकायचे आणि पहाटे वाटेला लागायचे. लॉजचे पैसे वाचतात, सामान उतरवा-चढवायची कटकट नाही, गाडी डोळ्यांसमोर राहते. मैदानी शहरातल्या माणसाला यात कुठेही खोट दिसणार नाही. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर खरेदीला गेलेला माणूस दुकानाच्या दारातच गाडी लागावी म्हणून दोन-तीन चकरा मारतो, तसेच इथेही वाटते की वाट जिथे सुरू होते तिथेच गाडी उभी असली म्हणजे काम फत्ते.

हीच सवय डोंगरात नडते. गाडी वाटेच्या तोंडाशी लागलीच पाहिजे, असे कुठे लिहिलेले नाही.

जागा काय आहे

गोविंदघाट साधारण 1,830 मीटरवर, बदरीनाथच्या हमरस्त्याच्या खाली, नदीच्या पात्राला लागून वसलेले आहे. जोशीमठपासून अंतर वीसेक किलोमीटर. व्हॅलीतून येणारी पुष्पावती घांघरियाजवळ, म्हणजे वरच्या मुक्कामाच्या वस्तीजवळ, हेमकुंड या शिखांच्या तीर्थाकडून येणाऱ्या प्रवाहाला मिळते. पुढे ते पाणी भ्यूंडार खोऱ्यातून लक्ष्मणगंगा म्हणून खाली उतरते आणि गोविंदघाटला अलकनंदेत जाते. थोडक्यात, ही संगमाची जागा आहे. नदी ओलांडून पुलना गावापर्यंत चारेक किलोमीटर स्थानिक जीपा चालतात. तिथून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चाल आहे, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खेचरे आहेत. घांघरिया साधारण 3,050 मीटरवर. व्हॅलीत रात्रीचा मुक्काम चालत नाही, सकाळी आत जायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडायचे. 1931 साली कामेत शिखर उतरून आलेल्या फ्रँक स्माइथला आणि त्याच्या साथीदारांना ही दरी सापडली, तेव्हा त्यांनी फुलांतच तंबू ठोकले होते. आता 1982 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, 2005 पासून जागतिक वारसा आहे आणि क्षेत्र अवघे 87.5 चौरस किलोमीटर. तिथे तंबू नाही, हे योग्यच आहे.

म्हणजे तंबूचा उपयोग असलाच तर तो फक्त पायवाटेच्या आधीच्या मुक्कामाला.

वाटेत सिरोबगडला थोडे थांबलो, पिंपळकोटीच्या पुढे पागल नाल्याला बरेच. नाल्याने दगडमाती रस्त्यावर आणून टाकली होती आणि जेसीबी ती ढकलत होता. जोशीमठला पोचायला दुपार कलली. दादांचा हिशेब होता की लगेच निघालो तर अंधार पडायच्या आत गोविंदघाट गाठता येईल. चहाच्या टपरीवर बसून फोनमध्ये गोविंदघाटचे फोटो बघताना मुलीने विचारले, "बाबा, एवढ्या अरुंद दरीत ही सपाट जागा आली कुठून?"

त्या एका प्रश्नाने पुढचे सगळे बदलले, म्हणून त्यावर जरा थांबतो.

सपाट जागा कोण करते

खोल दरीत, जिथे दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, तिथे सपाट जागा आपोआप नसते. ती पाण्याने केलेली असते. नदीला पूर येतो, बरोबर गोटे, वाळू, माती येते. वळणावर किंवा संगमावर वेग कमी झाला की ते सगळे बसते. उभ्या नाल्यांचेही तसेच. नाला मुख्य दरीत उतरतो तिथे पंख्यासारखा मातीदगडांचा ढीग पसरतो, वर्षानुवर्षे गवत उगवते आणि जागा शेतीला, वस्तीला, हॉटेलांना सोयीची दिसू लागते. जागा सपाट आहे याचाच अर्थ पाणी इथे पूर्वी आलेले आहे. पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही, पण येण्याचा रस्ता त्याला माहीत आहे.

गोविंदघाटचा दाखला तर ताजा आहे. 16 आणि 17 जून 2013 च्या पुरात अलकनंदा आणि लक्ष्मणगंगा दोन्ही एकदम चढल्या. नदीकाठचे वाहनतळ गेले, आणि त्यात उभ्या असलेल्या शेकडो गाड्या गेल्या. गुरुद्वाऱ्याच्या आवाराचेही मोठे नुकसान झाले. वर खोऱ्यात भ्यूंडार गाव उद्ध्वस्त झाले, पुलनाचे हाल झाले. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांतले पुष्कळ जण त्या वेळी वर घांघरियात किंवा हेमकुंडाच्या वाटेवर होते. गाडी रिकामी होती म्हणून जीव वाचले. तिच्या शेजारी तंबू टाकून कोणी झोपले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या टपरीवर वहिनींनी बोलून दाखवला आणि मग थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

दादांचे म्हणणे असे होते की पाऊस नसेल तर काय भीती? ढग बघून ठरवू. हा युक्तिवाद फार लोक करतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. 7 फेब्रुवारी 2021 ला सकाळी, थंडीच्या दिवसांत, ऋषिगंगेच्या वरच्या भागात खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला आणि रैणी, तपोवन भागात पूर आला. दोनशेहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. त्या वेळी वर पाऊस पडत नव्हता. ते पाणी धौलीगंगेतून जोशीमठच्या पायथ्याशी विष्णुप्रयागला आले. आणि 5 ऑगस्ट 2025 ला उत्तरकाशीच्या धरालीत खीरगाडच्या नाल्यातून आलेल्या गाळाने, त्याच नाल्याने पूर्वी आणून टाकलेल्या मातीवर उभी असलेली हॉटेले काही क्षणांत बुडवली. आपल्या डोक्यावरचे आभाळ बघून नदीचा अंदाज येत नाही. नदीचे आभाळ वर, आपल्याला न दिसणाऱ्या दरीत असते.

त्यात अलकनंदेवर गोविंदघाटच्या वरच्या बाजूला लामबगडजवळ विष्णुप्रयाग जलविद्युत प्रकल्पाचा बंधारा आहे. वीजप्रकल्पांच्या खालच्या नदीकाठांवर पाणी कधीही सोडले जाईल, काठावर थांबू नये, अशा पाट्या असतात. त्या पाट्या वाचून त्यांच्याच सावलीत डबा उघडून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

मग कुठे?

नदीकाठ कटाप झाला. उरलेले पर्याय आम्ही टपरीवरच बोललो, काही भरभर निकाली निघाले.

गोविंदघाटच्याच पैसे देऊन लावायच्या वाहनतळात, पण काठापासून दूरच्या पट्ट्यात गाडी लावणे आणि आपण गुरुद्वाऱ्यात किंवा लॉजमध्ये झोपणे हा वाईट पर्याय नाही. हजारो यात्रेकरू तेच करतात आणि सुखरूप परततात. एक लक्षात ठेवावे, की काठापासून लांब म्हणजे डोंगराच्या कुशीत, आणि पावसाळ्यात तिथे वरून दगड सुटतात. ओल्या कड्याखाली ताज्या तुटलेल्या दगडांचे तुकडे दिसले तर ती जागा सोडायची, मग कितीही मोकळी असो.

हमरस्त्याच्या कडेला, रुंद वळणावर गाडी लावणे हा पर्याय अप्पांनीच मोडीत काढला. रुंद वळण रुंद असते कारण तिथे एखादी दरड काढलेली असते, किंवा ट्रक बाजूला घ्यायला ती जागा सोडलेली असते. रात्री तिथे गाडी उभी करणे म्हणजे दुसऱ्याच्या रस्त्यात बसणे.

पुलनापर्यंत गाडी नेण्याचा विचार कोणी सुचवला तरी करू नये. तो नदीपलीकडचा तुकडा आहे आणि एका पुलावर अवलंबून आहे. मार्च 2025 मध्ये गोविंदघाटचा हा पूल दरड पडून तुटलाच. नंतर तात्पुरता बेली पूल घातला, वाट सुरू झाली. पण अशा वेळी पलीकडे अडकलेली गाडी पूल पुन्हा होईपर्यंत तिकडेच राहते.

राहिला पर्याय जोशीमठलाच थांबण्याचा. गाडी इथे सोडायची, पुढे शेअर जीपने गोविंदघाट. दादांना हे पटेना. "एवढ्या लांब गाडी आणून शेवटचे वीस किलोमीटर दुसऱ्याच्या जीपमध्ये? आणि जोशीमठची जमीन खचतेय, हे विसरलात का सगळे?"

दुसरा मुद्दा खरा होता. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठच्या आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले. मनोहर बाग, सिंहधार, सुनील, मारवाडी या भागांची नावे तेव्हा रोज बातम्यांत होती. इथे कुठेही गाडी सोडली म्हणजे झाले, असे मुळीच नाही. पण त्यातून जोशीमठ टाळा असा अर्थ काढणे मला चुकीचे वाटते. अर्थ एवढाच, की जागा बघून निवडा. नव्या पुश्त्याला, म्हणजे दरीच्या बाजूला बांधलेल्या भिंतीला, टेकून गाडी लावायची नाही. ज्या आवारात सिमेंटला ताजे तडे आहेत, ज्याच्या भिंतीतून पाणी झिरपते, ते आवार नको. घरांची सगळी गर्दी जिथे एकाच उतारावर आहे तोही भाग नको.

जोशीमठच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. पहिली रस्त्याची. जोशीमठ ते गोविंदघाट हा तुकडा विष्णुप्रयागनंतर हाथी पर्वताच्या खालून जातो. मे 2017 मध्ये तिथेच मोठी दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि यात्रेकरू अडकले. पावसाळ्यात लहानसहान दरडी तर नेहमीच्या. आता दरड पडली आणि गाडी गोविंदघाटला असेल, तर रस्ता गाडी जाण्याइतका मोकळा होईपर्यंत तुम्ही तिथेच. गाडी जोशीमठला असेल, तर माणसांना पायी पार करण्याइतकी वाट होताच तुम्ही सुटता, कारण दोन्ही बाजूंना जीपा थांबलेल्या असतात. माणूस ओलांडू शकतो तिथे गाडी ओलांडू शकत नाही, आणि गाडीच्या ओढीने माणूसही अडकून पडतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती अप्पांसाठी होती. ग्वाल्हेर दोनशे मीटरच्या आसपास. गोविंदघाटला झोपून दुसऱ्या दिवशी घांघरियाला झोपणे म्हणजे एका दिवसात झोपेची उंची बाराशे मीटरने वाढवणे. तीन हजार मीटरच्या वर झोपेची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. गोविंदघाट आणि घांघरिया यांच्या मध्ये नीट मुक्काम करण्याजोगे फारसे काही नाही. पण जोशीमठच्या वर औलीकडे रस्ता चढत जातो. तिथे मधल्या उंचीवर एखादे घर मिळाले, तर शरीराला एक पायरी मिळते.

निर्णय शेवटी वहिनींनी दिला. "अप्पा, आपण सांगा. एक दिवस जास्त लागला तर चालेल ना?" अप्पा म्हणाले, "गणपतीला पोचलो म्हणजे झालं. नदीकाठी मला झोप लागणार नाही." दादांनी गाडी औलीच्या रस्त्याला वळवली.

आवार

औलीच्या रस्त्याला, जोशीमठच्या बरेच वर, एका निवृत्त फौजी गृहस्थांचे घर मिळाले. ते खोल्या भाड्याने देतात. सगळे त्यांना भैजी म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. घराच्या मागे पायऱ्यापायऱ्यांची शेते. तंबू टाकायला परवानगी मागितली तर म्हणाले, शेतात टाका, संडास-बाथरूम घरातले वापरा, रात्री फार पाऊस झाला तर ओसरीत या. मोबदला ठरला, खोलीपेक्षा कमी.

इथे कायद्याचा मुद्दाही आहे. औलीच्या वरच्या कुरणावर जाऊन तंबू ठोकू, असे पुष्कळांना वाटते. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे. कोणाच्या तरी खाजगी आवारात, मालकाला विचारून, त्याच्या संडासाच्या सोयीसह तंबू टाकणे हाच सरळ मार्ग आहे.

तंबूची जागा मुलीने ठरवली आणि ती कशी ठरवली ते बघण्यासारखे होते. शेताचा तुकडा चारेक मीटर रुंद. आतल्या बाजूला दगडी बांध, त्याच्यावर दुसरे शेत. बाहेरच्या बाजूला कड आणि खाली तिसरे शेत. दादा बांधाला लागून टाकत होते, वारा लागणार नाही म्हणून. तिने घरातून कळशीभर पाणी आणून बांधाच्या पायथ्याशी ओतले आणि उकिडवी बसून बघत राहिली. पाणी बांधालगतच साचले, मग एका बाजूला वाहायला लागले. बांधाच्या दगडांतूनही बारीक ओल झिरपत होती. दुसरी कळशी तिने मधल्या उंचवट्यावर ओतली, ती दोन्हीकडे पसरून गेली. तंबू तिथेच, मध्यावर टाकला. कडेपासून दोन हात आत, कारण पावसाने पहिली ढासळते ती कड. झाडाखाली नाही. भोवती चर खणायचा दादांचा विचार होता, तो भैजींनी थांबवला. दुसऱ्याचे शेत, आणि चर खणला की त्याच वाटेने खालचा बांध धुपतो.

रात्री पाऊस झालाच. आतल्या कापडाला वरचे आच्छादन टेकू नये म्हणून दोऱ्या ताणून बांधल्या होत्या, त्यामुळे आत फक्त दमटपणा आला, पाणी आले नाही. जिथे एक दोरी सैल झाली तिथे अप्पांच्या उशाशी थेंब पडले, आणि ते उठून ओसरीत गेले. अप्पांसाठी पहिल्यापासून खोलीच घ्यायला हवी होती, असे वहिनींचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. तंबू सगळ्यांनाच हवा असे नसते.

खाण्याचे डबे भैजींनी तंबूत ठेवू दिले नाहीत. बेसनाचे लाडू, चिवडा, चकल्या, सगळे घरच्या स्वयंपाकघरात गेले. जोशीमठ-औली पट्ट्यात हिमालयी काळे अस्वल वस्तीपर्यंत येते आणि त्याला तुपाचा वास लांबून लागतो. गाडीतही काही ठेवू नका म्हणाले, अस्वलाला काच फोडायला वेळ लागत नाही.

मधला दिवस औलीकडे हळूहळू चढून परत उतरण्यात घालवला. दिवसा वर जायचे आणि झोपायला खाली यायचे.

गाडी

गाडी आवाराच्या एका कोपऱ्यात, जिथे जमिनीतून कातळ वर आलेला दिसतो तिथे लावली. भैजींनी सांगितले, माती इथे विश्वासाची नाही, कातळ आहे तिथे ठेवा. तोंड रस्त्याकडे, म्हणजे घाईत निघायचे झाले तर मागे-पुढे करावे लागणार नाही. जागेला थोडा उतार होता. तोंड चढाकडे असले तर पहिला गिअर, उताराकडे असले तर रिव्हर्स. चाक आतल्या बाजूला वळवून ठेवले आणि दोन्ही मागच्या चाकांना सपाट तोंडाचे दगड लावले. गोल गोटे उपयोगाचे नाहीत, ते चाकाबरोबर फिरतात. दगड घट्ट बसल्याची खात्री झाल्यावर हँडब्रेक सोडून दिला. दमट हवेत अनेक दिवस ओढलेला हँडब्रेक राहिला की मागच्या ड्रममध्ये ब्रेक चिकटून बसतो आणि परत आल्यावर गाडी हलत नाही.

सगळ्यात जास्त वाद चावीवर झाला. दादा चावी द्यायला तयार नव्हते. शहरात अनोळखी माणसाला गाडीची चावी कोणी देत नाही, हे खरे. पण गाडी कोणाच्या भरवशावर सोडायची आणि चावी मात्र खिशात घेऊन डोंगरावर जायचे, यात काही अर्थ नाही. रात्री जमीन हलायला लागली, बांध सुटला, तर गाडी काढणार कोण? अप्पांनी शांतपणे विचारले, "घर त्यांचं, आवार त्यांचं, आपण त्यांच्या शेतात झोपलो. चावीवर अडणार का?" चावी दिली. गाडीची मूळ कागदपत्रे आणि पॉलिसीची प्रत मात्र आम्ही सोबत घेतली, झेरॉक्स गाडीत ठेवली.

पॉलिसीबद्दल ग्वाल्हेरलाच बघून घ्यायला हवे, आणि दादांनी ते घेतले होते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी पुरात वाहिलेल्या किंवा दरडीखाली गेलेल्या स्वतःच्या गाडीचे काहीच देत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर, वादळ, भूस्खलन यांनी झालेले नुकसान येते. मात्र पाणी शिरलेल्या गाडीला चावी मारली आणि इंजिन बसले, तर इंजिन संरक्षण वेगळे घेतले नसल्यास दावा अडतो. बुडालेली गाडी सुरू करू नये, उचलूनच न्यावी. आणि वाहनतळाच्या पावतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. पावती म्हणजे राखण नव्हे.

पुढे काय झाले

सकाळी जीपने गोविंदघाट, दुसऱ्या जीपने पुलना, तिथून चाल. तंबू गाडीतच राहिले, त्यामुळे पाठीवरचे ओझे निम्म्याने कमी झाले. अप्पा पुलनाहून खेचरावर गेले आणि घांघरियाला त्यांना थोडी डोकेदुखी झाली, रात्रीतून गेली. व्हॅलीत धुके होते, पण निळ्या खसखशीची फुले दिसली. हेमकुंडाचा चढ दादा आणि मुलीने केला, आम्ही बाकीचे खाली थांबलो. या भागाबद्दल फार लिहीत नाही, तो पुष्कळांनी लिहिला आहे.

परतताना गोविंदघाटला कळले की पुढे रस्ता बंद आहे. आदल्या रात्री दरड आली होती. खालच्या वाहनतळात गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. एक गुजराती कुटुंब गाडीत दारे उघडी टाकून बसले होते, त्यांची परतीची कामे खोळंबली होती. गाडी सोडून जाता येत नव्हते. दुपारी जेसीबीने एका बाजूने वाट केली, वरचे दगड थांबल्यावर एसडीआरएफच्या, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या, जवानांनी माणसांना थोड्या-थोड्या जणांच्या तुकडीने पायी पलीकडे सोडायला सुरुवात केली. एक जवान वर नजर ठेवून उभा, दुसरा शिट्टी घेऊन. शिट्टी झाली की थांबायचे. अप्पांचा हात मुलीने धरला होता. त्यांनी सांगितल्याशिवाय कोणी ओलांडू नये, हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या आधी काही तरुण स्वतःच निघाले होते आणि त्यांना ओरडून मागे आणावे लागले. पलीकडे जीपा उभ्याच होत्या. संध्याकाळी आम्ही भैजींच्या आवारात होतो. वाहनांसाठी रस्ता नंतर सुटला, तोवर आम्ही पिंपळकोटी ओलांडली होती.

दरड आली नसती तर? तर गोविंदघाटला गाडी लावणारे आमच्याही आधी घरी पोचले असते, हे मान्य करायलाच हवे. आम्हाला एक दिवस जास्त लागला, जीपांचे भाडे वेगळे पडले, सामान दोनदा बांधावे लागले. सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, तरुण मंडळी जाणार असतील तर गोविंदघाटच्या वाहनतळात काठापासून दूर गाडी लावून लॉजमध्ये झोपायला मी हरकत घेणार नाही. भाड्याची टॅक्सी असेल तर प्रश्नच मिटतो, ती परत पाठवता येते. पण जुलै-ऑगस्टमध्ये, घरची गाडी आणि घरातले वडीलधारे सोबत असताना, गाडी वर आणि दरडीच्या अलीकडे ठेवावी, यावर मी तडजोड करणार नाही. आणि नदीकाठचा तंबू कोणत्याच महिन्यात नको.

दादांचे अजून एका गोष्टीवर समाधान झालेले नाही : जोशीमठच्या खचणाऱ्या उतारावर आपण आणखी एक गाडी ठेवली, हे बरोबर होते का? एका गाडीचे वजन डोंगराला काही नाही, पण दर हंगामात शेकडो गाड्या आणि त्यांच्यासाठी नवी आवारे, नवे पुश्ते, नवी सांडपाण्याची गळती हे मिळून काही नाही असे म्हणता येणार नाही. त्यांचे म्हणणे, पुढच्या वेळी गाडी पिंपळकोटीलाच सोडावी. ती जागा खाली आहे, तिथून पुढचे सगळे जीपने. अप्पांची उंचीची पायरी त्यात मग औलीला खोली घेऊन सोडवावी लागेल.

पुढच्या मे महिन्यात हर की दूनला जायचे चालले आहे. तिथे मोटारीचा रस्ता सांकरीपर्यंत बरा आहे, पुढे तालुका नावाच्या गावापर्यंतचे अकरा-बारा किलोमीटर नाले ओलांडत जातात. गाडी सांकरीलाच सोडायची, हे दादांनी स्वतःच सांगितले. तंबू न्यायचे की नाही, यावर वहिनी आणि मुलगी यांचे एकमत व्हायचे आहे.